‘होईल की’ एवढं बोलायचे पंधरा हजार

पोस्ट लांब आहे, वेळ असेल तेव्हा वाचा. यात कुणाचंही नाव नाही. ज्यांच्याबद्दल आहे ते ओळखतील, बाकीच्यांनी नाव विचारायला फोन करू नका.

२०१९ ची कार्तिकी. आपल्या विठोबाची यात्रा भरलेली. साजगावला लोक विठोबासाठी कमी आणि सुक्या मासळीसाठी जास्त येतात असं आपणच चेष्टेने म्हणतो. ‘बोंबल्या विठोबा’ हे नाव काही उगाच पडलेलं नाही. त्या दिवशी माझ्या मावसभावाने एका जोडप्याला आणलं होतं. डोंबिवलीचे. काका रेल्वेतून रिटायर झालेले, काकी शिक्षिका होत्या. जागा बघायला आले होते, त्यात यात्राही होऊन जाईल असा बेत. भाऊ मला म्हणाला, तू चल सोबत, इथला माणूस बरोबर असला की पार्टीला बरं वाटतं.

काकींनी बोंबील कसे घेतले ते मी उभा राहून बघितलं. तीन दुकानं फिरल्या. एक बोंबील मोडला, वास घेतला, तळहातावर घासून ओल आहे का पाहिलं, सोड्यांच्या टोपलीतला खालचा माल वर काढायला लावला. विकणाऱ्या बाईने कुरकुर केली नाही. ‘बघा की ताई, खराब निघाला तर पुढच्या साली मलाच तोंड दाखवायचंय,’ म्हणाली. चार-पाचशे रुपयांच्या मासळीला अर्धा तास गेला.

मग जागेवर गेलो. तिथे दहा मिनिटं.

जागा पाली रस्त्यापासून आत, वरकस जमीन, पाच गुंठे. खुंट्या ठोकलेल्या, चुन्याची रेघ मारलेली, समोर डोंगर. भाऊ सांगत होता, नवी मुंबईचा विमानतळ होतोय, पनवेल-कर्जत लोकल येतेय, चौकला स्टेशन, मिसिंग लिंक झाली की पुणं जवळ, तिसरी मुंबई म्हणतात ती हीच. काका ऐकत होते, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे होतं. मी एजंट नव्हतो ना! शेवटी त्यांनी मलाच विचारलं, ‘दादा, तुम्ही इथलेच. हे एन.ए. होईल ना?’

मी म्हटलं, ‘होईल की. सगळ्यांचं होतंय.’

मी त्या जमिनीचा सात-बारा तोवर पाहिला नव्हता. पाहायचा असतो हेही डोक्यात आलं नाही. गावातल्या नानांची जमीन आहे, नाना भला माणूस आहे, एवढीच माझी माहिती. पुढच्या आठवड्यात भावाने माझ्या खिशात पंधरा हजार कोंबले. ‘चहापाण्याला ठेव.’ मी ठेवले. दिवाळीतलं कर्ज फिटलं.

आता सात-बारावर काय होतं ते सांगतो. इतर अधिकाराच्या रकान्यात कुळकायदा कलम ४३ चा शेरा. खातेदार म्हणून पाच नावं, त्यात नानांच्या दोन बहिणी, दोघी लग्न होऊन गेलेल्या, दोघींना कुणी विचारलेलं नाही. जमीन शेतीची आणि घेणारे शेतकरी नाहीत. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकता येत नाही. वर पाच गुंठे म्हणजे तुकडा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडून विकायला बंदी आहे. २०२३ मध्ये सरकारने ही मर्यादा खाली आणली तेव्हासुद्धा ती जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठेवली. म्हणजे त्या जमिनीचं खरेदीखत होणं एका नाही, चार कारणांनी अडलेलं होतं. त्यातल्या दोन गोष्टी सात-बाराच्या कागदावर छापलेल्या. ऑनलाइन निघतो तो. बोंबील मोडून बघायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागतो.

त्या ४३ च्या शेऱ्याबद्दल थोडं थांबतो, कारण आपल्याकडचे एजंट त्याला ‘किरकोळ शेरा’ म्हणतात. किरकोळ? आपल्याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरीला १९३३ पासून सहा वर्षं शेतकऱ्यांनी संप केला. खोतांची जमीन कसणार नाही म्हणाले आणि सहा वर्षं खरंच कसली नाही. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. त्या संपातून कुळांच्या हक्काचा विषय सरकारदरबारी गेला, पुढे १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनाला, कसणारा कूळ मालक ठरला. नानांच्या वडिलांना ती जमीन अशीच मिळाली. मिळालेली जमीन सावकाराच्या नाहीतर खोताच्याच घशात परत जाऊ नये म्हणून विक्रीवर बंधन घातलं, तोच हा ४३ चा शेरा. २०१४ च्या दुरुस्तीनंतर ते बंधन बरंच सैल झालं आहे. मालकी मिळून दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून जमीन विकता येते, पण घेणारा शेतकरीच पाहिजे. हे आपल्या आजोबांनी भांडून मिळवलेल्या जमिनीचं कुंपण आहे, आणि आपलीच पोरं पार्टीला सांगतात की तलाठ्याला भेटून काढून टाकू. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. तरी शेरा काढायचा अधिकार त्यांना मिळालेला नाही.)

आदिवासी खातेदाराच्या जमिनीचं तर याहून कडक. जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६अ. आपल्या तालुक्यात ठाकूर आणि कातकरी वाड्या किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे, आणि त्यांच्या नावाच्या जमिनीवर कुणाची फार्महाऊसं उभी आहेत तेही माहीत आहे. तो वेगळा विषय, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

खरेदीखत होत नव्हतं, मग काय केलं? पाचशेच्या स्टँपपेपरवर साठेखत, सोबत कुलमुखत्यारपत्र, नोटरीचा शिक्का. ‘हेच चालतं हो आपल्याकडे.’ चालतं, म्हणजे जोवर कुणी हात लावत नाही तोवर. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सूरज लॅम्पच्या निकालात स्वच्छ सांगितलंय की मुखत्यारपत्र आणि साठेखत करून मालकी मिळत नाही, ती नोंदणी केलेल्या खरेदीखतानेच मिळते. आमच्या व्यवहाराच्या आठ वर्षं आधीचा निकाल. काकांनी अकरा लाख दिले, थोडे चेकने, बरेचसे रोख. हातात आला नोटरीचा कागद आणि रंगीत लेआउट. त्यात क्लब हाऊस पण होतं.

मग लॉकडाऊन. दोन वर्षं कुणी फिरकलं नाही. नंतर काका तारेचं कुंपण घालायला आले, विजेच्या मीटरची चौकशी केली, सात-बारावर नाव लावायचा अर्ज घेऊन गेले आणि तिथे त्यांना सगळं एका बैठकीत कळलं. भावाचा फोन लागेना. माझा लागला. मी म्हटलं, बघतो. आणि बघितलं नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात वकिलाची नोटीस आली. ती भावाच्या नावाने आलीच, पण नानांच्याही नावाने आली.

नाना कागद घेऊन माझ्याकडे आले. त्यांना इंग्रजी येत नाही. मी वाचून दाखवली. ‘अकरा लाख’ हा आकडा आला तेव्हा त्यांनी मला थांबवलं. ‘परत वाच.’ मी परत वाचलं. नानांना मिळाले होते साडेसहा. त्यांनी गुंठ्याला एक लाख तीस हजार भाव सांगितला होता, भावाने दोन लाख वीस लावला. मधले साडेचार लाख ‘वरचे’. आपल्याकडे या धंद्यात वरचे पैसे खाणं म्हणजे हुशारी समजतात. नानांनी विचारलं, ‘मी कधी सांगितलं त्यांना एन.ए. होईल म्हणून? माझ्या तोंडातून शब्द गेला नाही. मग मला का नोटीस?’

हा प्रश्न मी एका ओळखीच्या वकिलांना विचारला. त्यांचं उत्तर ऐकल्यापासून ही पोस्ट डोक्यात आहे. १८७२ चा करार कायदा, कलम २३८. एजंटाने मालकाच्या वतीने काम करताना जे खोटं सांगितलं किंवा जी फसवणूक केली, ती त्या कराराच्या बाबतीत मालकानेच केल्यासारखी धरली जाते. नाना घरी बसून होते, पण माझा भाऊ चुन्याच्या रेघेवर उभा राहून बोलला ते कायद्याने नाना बोलले. ज्यांनी ज्यांनी एजंटाला ‘तू गिऱ्हाईक आण, बाकी मला काही माहीत नको’ असं सांगितलंय, त्यांनी हे दोनदा वाचा. शेतकऱ्याला वाटतं की खोटं बोलायचं काम एजंटाला दिलं की आपण मोकळे. होत नाही तसं.

त्याच कायद्यात नानांच्या बाजूचंही आहे, फक्त ते आपल्याला कुणी सांगत नाही. एजंटाने मालकाला हिशेब दिलाच पाहिजे, कलम २१३. मालकाला न सांगता व्यवहारात स्वतःचा हात मारला असेल तर तो फायदा मालक मागू शकतो, कलम २१५ आणि २१६. म्हणजे ते वरचे साडेचार लाख हुशारीचे नाहीत, नाना त्यांच्यावर दावा सांगू शकतात. दीडशे वर्षं जुना कायदा. आपल्या नाक्यावर पोचायला त्याला अजून वेळ लागतोय.

आणि काकांच्या बाजूने? कलम १७ म्हणजे फसवणूक, माहीत असून खोटं सांगणं. कलम १८ म्हणजे चुकीचं सांगणं, मग सांगणाऱ्याला ते खरं वाटत असलं तरी. माझं ‘होईल की’ या दुसऱ्यात बसतं. मला खोटं बोलायचं नव्हतं, पण माहीत नसताना खात्रीने बोललो. दोन्हीमध्ये फसलेल्या माणसाला करार रद्द करून मागता येतो. फक्त एक मेख आहे, आणि ती जागा घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. साध्या चौकशीने खरं कळण्यासारखं होतं, तर ‘मला चुकीचं सांगितलं’ किंवा ‘माझ्यापासून लपवलं’ ही तक्रार कोर्टात लंगडी पडू शकते, असं कलम १९ च्या अपवादात आहे. सात-बारा तर सगळ्यांना उघडा. काकांच्या वकिलांना म्हणून जाणूनबुजून फसवलं हे सिद्ध करायला कष्ट पडतायत.

इथे कुणीतरी म्हणेल, मग रेरा कशाला आहे? बरोबर प्रश्न आहे. महारेरा १ मे २०१७ पासून सुरू आहे आणि एजंटाची जबाबदारी त्या कायद्यात नीट लिहिलेली आहे. कलम ९, नोंदणीशिवाय एजंटगिरी करायची नाही. कलम १०, नोंदणी नसलेल्या प्रकल्पातलं घर किंवा प्लॉट विकायला मदत करायची नाही, हिशेब ठेवायचा, नसलेली मंजुरी आहे म्हणून सांगायचं नाही, बुकिंगच्या वेळी घेणाऱ्याला हक्काची सगळी कागदपत्रं मिळतील हे बघायचं. मोडलं तर कलम ६२, दिवसाला दहा हजार दंड, जागेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. नुसतं कागदावर नाही हे. कायदा सुरू झाला त्याच वर्षी जुलैमध्ये चेंबूरच्या एका एजंट कंपनीला नोंदणी नसताना जाहिराती केल्या म्हणून १ लाख २० हजार दंड झाला, तोही मुंबई ग्राहक पंचायतीच्या तक्रारीवरून. २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा देणं सक्तीचं केलं, आणि २०२४ मध्ये प्रमाणपत्र न घेतलेल्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी स्थगित केली.

आणि रेराप्रमाणे एजंट कोण? ज्याच्याकडे व्हिजिटिंग कार्ड आहे तो नाही. घेणारा आणि विकणारा यांची कोणत्याही मार्गाने गाठ घालून देतो आणि त्याबद्दल पैसे घेतो तो. नाव दलाल असो, मध्यस्थ असो, काहीही असो. चहाच्या टपरीवरून फोन फिरवणारा आला यात. पंधरा हजार खिशात घालणारा मीही आलो असतो.

‘असतो’ म्हणतोय, कारण खरी गोम इथेच आहे. रेरा प्रकल्पाला लागतो. कुणी जमिनीचा लेआउट पाडून रस्ता, गटार, प्लॉट असं विकत असेल तर तो प्रकल्प. पण पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला नोंदणी लागत नाही, आणि पाचशे चौरस मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे. माझ्या भावासारख्यांनी हा आकडा पाठ केलाय. प्रत्येक कागद पाच गुंठ्यांचा करायचा आणि विचारलं तर सांगायचं, आमचा प्रकल्पच नाही, सुटा शेतीचा तुकडा आहे. खरं तर मर्यादा मोजायची ती विकसित होणाऱ्या सगळ्या जमिनीची, एका खुंटीतल्या तुकड्याची नाही. पण ते सिद्ध करायला कुणीतरी तक्रार घेऊन जावं लागतं, आणि जो जाईल त्याला आधी स्वतः रोख दिलेल्या पैशांबद्दल बोलावं लागतं. म्हणून जात नाहीत. आपल्या कर्जत-खालापूरचा निम्मा धंदा या खुंट्यांच्या मधल्या जागेत चालतो. अगदीच रस्ता नाही असं नाही. प्लॉट पाडून, सोयी देतो म्हणून विकणं ही ‘सेवा’ आहे आणि ग्राहक न्यायालयात जाता येतं, असं सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये नार्ने कन्स्ट्रक्शनच्या निकालात म्हटलंय. त्या रंगीत लेआउटमधलं क्लब हाऊस तिथे उपयोगी पडतं.

एक गोष्ट भावाच्या बाजूने सांगतो, म्हणजे एकतर्फी वाटायला नको. तो जे जे बोलला त्यातलं बरंच खरं निघालं. विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. पनवेल-कर्जत मार्गावर चौकचं स्टेशन खरंच आराखड्यात आहे. खोटं बोलणारा एजंट सगळं खोटं बोलतच नाही. नऊ गोष्टी खऱ्या, त्या पेपरातही आलेल्या, आणि दहावी त्या पाच गुंठ्यांबद्दलची. नऊ ऐकून माणूस दहावीही गिळतो. परवा तुकडेबंदीचं तेच. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात महसूलमंत्र्यांनी शिथिलता जाहीर केली आणि दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर मेसेज, ‘तुकडेबंदी उठली, बिनधास्त गुंठा घ्या’. कोणत्या हद्दीत, कोणत्या झोनमध्ये, कोणत्या तारखेपर्यंतच्या व्यवहाराला, हे एकाही मेसेजमध्ये नाही. आणि तुकडेबंदी शिथिल झाली म्हणून ४३ चा शेरा जात नाही, बहिणींची नावं जात नाहीत, कलम ६३ जात नाही.

डोंगराचंही तसंच. ‘डोंगराच्या कुशीत, धबधब्याच्या समोर.’ १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच तालुक्यात इर्शाळवाडी गेली. त्या आठवड्यात मी भावाला म्हटलं, निदान ते कुशीत-बिशीत काढ जाहिरातीतून. त्याने काढलं. दसऱ्याला परत टाकलं.

पुढचं थोडक्यात. नानांनी काकांना तीन लाख परत केले, मुलीच्या लग्नाचे ठेवलेले होते त्यातून. बाकीचं कोर्टात आहे. मी भावाचा नंबर काकांच्या वकिलांना दिला, पत्ताही दिला. त्यामुळे मावशीकडे आमचं जाणं-येणं बंद आहे, आईला त्याचा त्रास होतो. लेखी जबाबात मी काय बोललो होतो ते जसंच्या तसं दिलंय. वकील म्हणाले, ‘होईल की’च्या जागी ‘होऊ शकेल’ म्हणालात असं आठवून बघा. आठवून बघितलं. ‘होईल की’च म्हणालो होतो.

पंधरा हजार घेऊन डोंबिवलीला गेलो. काका घरी नव्हते. काकींनी दार उघडलं, पैसे मोजून घेतले, वहीत तारीख टाकून लिहिलं आणि माझी सही घेतली. चहा विचारला नाही. निघताना म्हणाल्या, ‘बोंबील चांगले होते त्या बाईचे. पुढच्या यात्रेला असते का ती?’ असते म्हटलं. हे मात्र मला नक्की माहीत होतं.

भावाने मध्यंतरी ती परीक्षा दिली, पास झाला. आता कार्डावर महारेराचा एजंट नंबर आहे, ‘ए’पासून सुरू होणारा, आणि खरा आहे, मी साइटवर टाकून पाहिला. गेल्या आठवड्यात बऱ्याच दिवसांनी त्याचा मेसेज आला. नवीन जाहिरात आहे, तुझ्या पेजवर टाक, तुला फॉलोअर चांगले आहेत. मी विचारलं, प्रकल्पाचा ‘पी’चा नंबर कुठाय? जाहिरातीवर क्यूआर कोड कुठाय? तो म्हणाला, अरे शेतीच्या जागेला कुठे लागतो, सुटे तुकडे आहेत. मी म्हटलं, मग गट नंबर पाठव, सात-बारा वाचतो आणि मग टाकतो.

गट नंबर अजून आलेला नाही.